पाटीवर ‘इको’, मागे टँकर: जंगलातला मुक्काम निवडताना

प्रश्न: आम्ही सिंहगड रोडला राहतो. आम्ही दोघं, आठ आणि बारा वर्षांची मुलं, सत्तरीच्या सासूबाई आणि नणंद असे सहा जण डिसेंबरच्या सुट्टीत ताडोबाला जायचं म्हणतोय. पाहिलेल्या प्रत्येक रिसॉर्टच्या जाहिरातीत ‘इको-फ्रेंडली’ आहेच. एकात तर त्याच ओळीखाली स्विमिंग पूल, रेन डान्स आणि ‘जंगल डीजे नाइट’! पुण्यात बसून खरं-खोटं कसं ओळखायचं? प्रमाणपत्र असलेलंच घ्यावं का? ताडोबाच कशाला, जवळपास काही नाही का, असं नवऱ्याचं म्हणणं. आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना जिप्सी झेपेल का?
— एक वाचक, सिंहगड रोड

उत्तर: ताई, आधी त्या जाहिरातीतल्या पुलाचाच हिशोब करू. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल, म्हणजे तसा लहानच पूल. त्यात ७०,००० लिटर पाणी मावतं, दहा हजारांचे सात टँकर. विदर्भात मे महिन्यात उघड्या पाण्यातून दिवसाला साधारण १० मिलिमीटर पाणी उडून जातं. पन्नास चौरस मीटरच्या पुलातून रोजचे ५०० लिटर नुसते हवेत गेले. फिल्टर धुतल्यावर निघणारं क्लोरीनचं पाणी आणखी वेगळं, आणि ते बहुतेक ठिकाणी मागच्या ओढ्यातच जातं. डिसेंबरात हे खुपत नाही, कारण तेव्हा बोअरला पाणी असतं. पण मे महिन्यात तीच बोअर आणि शेजारच्या गावाची हातपंपाची बोअर जमिनीखालचं एकच पाणी ओढत असतात, आणि जंगलात वनखातं पाणवठे भरण्यासाठी सौरपंप नाहीतर टँकर लावत असतं.

म्हणून पुण्यातून फोन लावाल तेव्हा पहिला प्रश्न पाण्याचा विचारा. ‘इको-फ्रेंडली आहात का’ असं विचारलंत तर ‘हो मॅडम, शंभर टक्के’ एवढंच ऐकायला मिळेल. त्यापेक्षा ‘उन्हाळ्यात पाणी कुठून आणता?’ असं विचारा. ‘एप्रिलपासून टँकर येतो, म्हणून आम्ही पूल बंद ठेवतो’ असं सांगणारा मालक ‘पाण्याची काही कमी नाही’ म्हणणाऱ्यापेक्षा विश्वासाचा. पूल असला म्हणजे जागा लगेच बाद, असंही नाही. पण दहा खोल्यांना दोन पूल आणि वर रेन डान्स असेल तर पुढचे प्रश्न विचारायची गरज उरत नाही.

दुसरा प्रश्न सांडपाण्याचा. फोनवर हा विचारायला लोक लाजतात आणि नेमकी खरी मेख इथेच असते. नीट बांधलेल्या जागेत संडासाचं पाणी निदान दोन कप्प्यांच्या सेप्टिक टँकमध्ये जातं. गाळ खाली बसतो, वरचं पाणी शोषखड्ड्यात उतरतं. न्हाणीचं आणि स्वयंपाकघराचं पाणी वेगळ्या नळाने येतं, तेलाचा थर अडवणाऱ्या छोट्या हौदातून जातं, मग खडी-वाळूच्या वाफ्यात सोडतात. त्या वाफ्यात कर्दळ किंवा पाणकणीस लावलेलं असतं. मुळांभोवतीचे जिवाणू घाण खातात आणि बाहेर पडणारं पाणी बागेला चालतं. बिघडतं कुठे? तेलाचा हौद महिनोन्‌महिने साफ होत नाही, वाफा तुंबतो, मग कुणीतरी पाइप काढून थेट नाल्यात सोडून देतो. शोषखड्डा विहिरीजवळ किंवा काळ्या चिकणमातीत खणलेला असला तरी अडचणच. काळी माती पाणी पीत नाही, पावसाळ्यात खड्डा वर येतो. म्हणून विचारताना ‘सेप्टिक टँक आहे का’ एवढ्यावर थांबू नका. ‘त्यातून निघालेलं पाणी कुठे जातं’ हे विचारा. उत्तर एका वाक्यात आलं तर त्या माणसाने ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे. ‘वास वगैरे काही येत नाही मॅडम’ हे उत्तरच नव्हे.

‘सोलर’ या शब्दाला भुलू नका. बऱ्याच ठिकाणी सोलर म्हणजे छतावरचा पाणी तापवायचा बंब, आणि तो आपल्या पुण्यातल्या निम्म्या सोसायट्यांवरही असतो. चांगलाच असतो, पण त्यावर एसी चालत नाही. दीड टनाचा एसी तासाला सव्वा युनिटच्या आसपास खातो. दहा खोल्यांचे एसी दहा तास चालले तर सव्वाशे युनिट झाले. एक किलोवॅटचं पॅनेल आपल्याकडे दिवसाला चार-साडेचार युनिट देतं, म्हणजे नुसत्या एसींसाठी तीस किलोवॅटच्या आसपास पॅनेल हवीत. तेवढी छतावर लपत नाहीत, फोटोत दिसतातच. दिसत नसतील तर वीज महावितरणची आहे आणि ती गेली की जनरेटरची. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, फक्त मग ‘संपूर्ण सौरऊर्जेवर’ असं लिहू नये. डिसेंबर-जानेवारीत तिकडे पहाटे पारा दहाच्याही खाली जातो, एसी लागतच नाही. जाड भिंती, उंच छत, कौलं आणि समोरासमोर खिडक्या असलेली बिगर-एसी खोली मागा. स्वस्तही पडेल.

आता कचरा. वाघ बघायला निघालेल्या माणसाला खरकट्याची बादली क्षुल्लक वाटते, पण जंगलाच्या कडेला माणूस आणि जनावर यांची बरीच भांडणं तिथूनच सुरू होतात. स्वयंपाकघरामागे उघड्या खड्ड्यात शिळं अन्न टाकलं की आधी गावातली कुत्री येतात, मग रानडुकरं, आणि ताडोबा-मेळघाटाकडे अस्वलही. कुत्री जमली की त्यांच्या मागे बिबट्या येतो. तो एकदा रिसॉर्टच्या मागच्या अंगणात यायला लागला की पुढे गावात शिरतो आणि शेवटी पिंजऱ्यात जातो. शिवाय कुत्र्यांकडून डिस्टेंपरसारखे रोग रानटी मांसाहारी प्राण्यांत पसरतात. २०१८ मध्ये गीरच्या सिंहांमध्ये याच विषाणूची साथ आली होती. म्हणून ओला कचरा झाकणबंद खड्ड्यात किंवा बायोगॅसमध्ये जातो का, आणि सुका कचरा आठवड्याला कुठल्या गावी नेतात, हे विचारा. ‘जाळतो’ हे उत्तर सर्रास मिळतं. त्यावर नापसंती जरूर दाखवा, पण निदान तो माणूस खरं बोलतोय याची नोंदही ठेवा.

पिण्याच्या पाण्याच्या बाटल्यांचं गणित घरीच सुटतं. सहा माणसं, दिवसाला तीन लिटर, तीन दिवस, म्हणजे लिटरच्या ५४ बाटल्या. दोन स्टीलच्या पाच लिटरच्या कॅन आणि प्रत्येकाची आपली बाटली नेलीत की हा प्रश्नच मिटला. फक्त फिल्टरचं पाणी भरून देतात का, हे आधी विचारून ठेवा. काही ठिकाणी ‘बाहेरचं पाणी चालणार नाही’ असा नियम असतो. तो त्यांच्या बाटलीविक्रीसाठी असतो.

हे सगळं फोनवरचं झालं. याहून भरवशाची एक गोष्ट पुण्यात बसून, फुकट आणि अर्ध्या तासात करता येते: उपग्रहाचा नकाशा. गूगल मॅप्सवर रिसॉर्ट शोधा, सॅटेलाइट दृश्य लावा आणि चार गोष्टी बघा. जंगलाची गर्द कड तिथून किती लांब आहे. मध्ये तलाव, बोडी (छोटं तळं) किंवा नाला आहे का, आणि रिसॉर्टचं कंपाउंड जंगल आणि त्या पाण्याच्या आडवं आलंय का. शेजारी अशीच आणखी किती कंपाउंडं ओळीने लागलेली आहेत. आणि लॉन केवढं आहे. संगणकावर गूगल अर्थ उघडलंत तर जुन्या वर्षांची चित्रंही बघता येतात. दहा वर्षांपूर्वी त्याच जागी शेत होतं की झाडी, ते दिसतं. शेतावर बांधलेलं रिसॉर्ट आणि झाडी तोडून बांधलेलं रिसॉर्ट यांची जाहिरात एकसारखीच असते, जुनी चित्रं मात्र वेगळी असतात.

कुंपणाकडे बारकाईने बघण्याचं कारण असं की ताडोबाचे वाघ ताडोबातच बसून राहत नाहीत. तिथून ब्रह्मपुरीच्या जंगलातून नवेगाव-नागझिऱ्याकडे जाणाऱ्या वाटा आहेत, आणि वयात आलेली पिल्लं स्वतःचा इलाका शोधायला त्याच वाटांनी बाहेर पडतात. एका रिसॉर्टच्या भिंतीने काही अडत नाही. पण गेटजवळ रस्त्याच्या कडेने आठ रिसॉर्ट भिंतीला भिंत लावून उभी राहिली की चितळांच्या कळपाला वळसा पडतो, आणि वळसा बहुतेक वेळा डांबरी रस्त्यावरून असतो. सहा फुटी दगडी भिंत, वर काचा, अशी जागा असेल तर ती शहरातल्या चोरांसाठी बांधलेली आहे. बांबूचं किंवा झुडपांचं कुंपण, खाली मोकळी जागा, हे बरं.

दिव्यांचंही तसंच. झाडांवर खालून सोडलेले निळे-हिरवे फोकस फोटोत छान दिसतात. पण त्याने घुबडं, वटवाघळं, पतंग, काजवे या सगळ्यांचं वेळापत्रक बिघडतं. पिवळसर, कमी उंचीचे, वरून झाकलेले आणि रात्री दहानंतर बंद होणारे दिवे हवेत. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ च्या जानेवारीत देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. मुलांना आकाशाची आवड असेल तर ताडोबाऐवजी पेंचचं सिल्लारी गेट मनात ठेवा, अमावास्येच्या आसपासच्या तारखा घ्या.

आणि त्या ‘जंगल डीजे नाइट’चं म्हणाल, तर रात्री जंगलाजवळ काय काय चालतं हे जाहिरात देणाऱ्यालाच विचारा. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये कॉर्बेटच्या प्रकरणात व्याघ्र प्रकल्पांतलं रात्रीचं पर्यटन बंद करण्याचे आणि गाभा क्षेत्रातल्या पर्यटन भागात मोबाईल वापरू न देण्याचे निर्देश दिले आहेत. त्यानंतरही कुणी ‘स्पेशल नाइट सफारी लावून देतो’ म्हणत असेल, तर त्याच्या बाकीच्या आश्वासनांची किंमतही तेवढीच धरा. शेकोटीबद्दलही विचारा. लाकूड कुठून येतं? १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्यांचा हंगाम, त्या काळात जंगलाच्या कडेला रोज रात्री शेकोटी पेटवणारा मालक एकतर नवखा आहे किंवा बेफिकीर.

प्रमाणपत्राचं विचारलंत. असलं तर वाचा, नसलं तर अडून बसू नका. ‘जीएसटीसी’ म्हणजे जागतिक शाश्वत पर्यटन परिषद स्वतः हॉटेलांना प्रमाणपत्र देत नाही. ती निकष ठरवते आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांना मान्यता देते. म्हणून पत्रकावर ‘जीएसटीसी सदस्य’ लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ वर्गणी भरली, एवढाच. खरं प्रमाणपत्र असेल तर त्यावर देणाऱ्या संस्थेचं नाव, क्रमांक आणि मुदतीची तारीख असते. मुदत संपलेली प्रमाणपत्रं स्वागतकक्षात वर्षानुवर्षं लटकलेली असतात. दुसऱ्या टोकाला गावातलं चार खोल्यांचं घर. तपासणीचा खर्च त्याला परवडणारा नसतो. शेण-गोबरगॅस, विहिरीचं पाणी, अंगणातली भाजी असं सगळं असूनही भिंतीवर कागद नसतो. त्याला त्या कागदावरून नापास करणं म्हणजे अन्यायच.

त्या चार खोल्यांच्या घराबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण तुमच्या कुटुंबाला तेच जास्त मानवेल असं वाटतं. मोहर्ली आणि कोलारा या गेटांच्या आसपासच्या गावांत असे घरगुती मुक्काम आहेत. जंगल टिकतं ते कडेच्या गावांना त्यातून काही मिळतं तोवर. ज्याच्या शेतात रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर घुसतात, ज्याचा बैल वाघाने नेला, त्याच्या घरात तुमचे पैसे पोचले तर वाघ त्याला परवडतो. मोठं रिसॉर्ट घेतलंत तरी हाच प्रश्न विचारा: गावातली माणसं कुठल्या कामांवर आहेत? माळी आणि राखणदार सगळीकडे गावचेच असतात. स्वागतकक्षात, स्वयंपाकघरात मुख्य, किंवा निसर्ग दाखवणारा म्हणून गावचं कुणी आहे का, ते बघा. जेवणाचंही विचारा. चंद्रपूर जिल्हा तांदळाचा. एचएमटी हे प्रसिद्ध वाण तिथल्याच नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी शेतात निवडून निवडून तयार केलं. त्या मातीत जाऊन पनीर बटर मसाला आणि नूडल्स खाण्यात काय मजा? साधा वरण-भात, वांग्याची भाजी, जवसाची चटणी सांगा. भाजी नागपूरहून ट्रकने आणावी लागणार नाही आणि मुलांचं पोटही ठीक राहील.

घरगुती मुक्कामाच्या अडचणीही ऐकून ठेवा. गरम पाणी बादलीने मिळेल, वीज जाईल, पहाटे कोंबडा आरवेल. संडास कमोडचा आहे की भारतीय, हे फोटो मागवूनच ठरवा, सासूबाईंसाठी हे सगळ्यात महत्त्वाचं. ‘अटॅच्ड आहे’ या शब्दावर जाऊ नका.

आता ताडोबाच का, हा तुमच्या यजमानांचा मुद्दा. त्यात दम आहे.

पुण्याहून ताडोबा एका बाजूला साडेसातशे-आठशे किलोमीटर. सहा जणांची गाडी काढून जाऊन-येऊन सोळाशे किलोमीटर धरले आणि लिटरला पंधराचं ॲव्हरेज, तर १०७ लिटर डिझेल. लिटरमागे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे जवळजवळ २९० किलो. रिसॉर्टमध्ये टॉवेल दोनदा वापरून किंवा बांबूचा टूथब्रश घेऊन हे भरून निघत नाही. मुक्कामापेक्षा प्रवासच जास्त ‘महाग’ पडतो, फक्त तो कुठल्या पाटीवर लिहिलेला नसतो. म्हणून ताडोबाला जायचंच तर रेल्वेने जा. पुणे–अजनी (नागपूर) वंदे भारत २०२५ च्या ऑगस्टपासून सुरू आहे, साधारण बारा तास लागतात. रात्रीच्या नागपूर गाड्याही आहेत. नागपूरहून चिमूरमार्गे कोलारा किंवा नवेगाव गेट जवळ पडतं. चंद्रपूरहून मोहर्ली तीसेक किलोमीटर. आधी गेट ठरवा, मग त्या गेटजवळचा मुक्काम. उलटं केलंत तर रोज पहाटे चार वाजता उठून साठ किलोमीटर गाडीत जातात.

पण २५ डिसेंबर ते १ जानेवारी या आठवड्यात तिथे जाऊच नका, असं आमचं स्पष्ट मत. सफारीच्या जागा काही महिने आधीच भरलेल्या असतात, दर चढलेले असतात, आणि ज्या शांततेसाठी जायचं तीच नसते. नियमाप्रमाणे प्राण्यापासून २० मीटर आणि दोन गाड्यांत ५० मीटर अंतर ठेवायचं असतं. त्या आठवड्यात एका वाघिणीमागे गाड्यांची रांग लागली की हे अंतर कागदावर राहतं. मुलांची शाळा तीन-चार दिवस बुडलेली चालत असेल तर जानेवारीचा दुसरा पंधरवडा बघा, सोमवार ते शुक्रवार, प्रजासत्ताक दिनाची जोडसुट्टी टाळून. मंगळवारी ताडोबाचं गाभा क्षेत्र बंद असतं, त्या दिवशी बफरची, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातली, सफारी घ्या. एका जिप्सीत सहा पर्यटक बसतात, म्हणजे तुमची एकच गाडी. तीन रात्रींत तीन सफाऱ्या पुरेत, दोन गाभ्यात आणि एक बफरमध्ये. ‘पाच सफाऱ्यांचं पॅकेज’ घेणाऱ्यांची मुलं तिसऱ्या फेरीला गाडीत झोपलेली असतात. आरक्षण वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा आणि नावं ओळखपत्राबरहुकूम द्या. गेटवर नावं जुळली नाहीत तर पैसे बुडतात.

डिसेंबरच्या सुट्टीसाठी मात्र घराजवळ असं काही आहे जे पुणेकर सोलापूर रस्त्याने जाताना ‘माळरान, काय बघायचंय त्यात’ म्हणून मागे टाकतात. इंदापूर तालुक्यातलं कडबनवाडी आणि बारामतीचं शिर्सुफळ इथल्या गवताळ माळांवर पुणे वनविभागाने २०२४ मध्ये सफारी सुरू केली. ऑनलाइन परवानगी, सोबत गावातलेच प्रशिक्षित गाइड. चिंकारा, लांडगा, तरस, खोकड, कोल्हा, आणि पक्ष्यांत धाविक, चंडोल, शिवाय भोवत्यासारखे शिकारी पक्षी. लांडगा दिसेलच अशी हमी नाही, तशी वाघाचीही नसते. पण चिंकारा बहुधा दिसतोच, आणि बारा वर्षांच्या मुलाला ‘पडीक जमीन’ म्हणतात ती किती भरलेली असते हे समजतं. तिथली एकच कळकळीची सूचना: हिवाळा हा लांडगिणीच्या पिल्लांचा काळ. ‘बिळापर्यंत नेतो’ असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. बिळाजवळ माणसांचा राबता वाढला की लांडगीण पिल्लं तोंडात धरून जागा बदलते, आणि उघड्या माळावर त्या हलवाहलवीत पिल्लं मरतात. वाटेवरूनच बघायचं, गाडी माळावर घालायची नाही. चाकाखाली गवताबरोबर टिटवीची आणि चंडोलाची घरटीही जातात.

त्याला जोडून भिगवण. उजनीच्या फुगवट्यावर, कुंभारगाव आणि डिकसळच्या बाजूला, नोव्हेंबर ते मार्च रोहित पक्षी, चक्रवाक, नाना तऱ्हेची बदकं असतात. मासेमारी करणारेच होड्या चालवतात, बायका घरी जेवण करतात. इथे बिघडतं ते एकाच कारणाने: पर्यटकाला ‘उडतानाचा फोटो’ हवा असतो आणि होडीवाला थव्याच्या अंगावर इंजिन घालतो. थंडीत दिवसभर चरून जमवलेली ताकद पक्षी त्या उड्डाणात घालवतात, आणि दिवसातून दहा होड्यांनी हेच केलं तर थवा जागाच सोडतो. होडीत बसण्याआधी सांगा, ‘दादा, लांबूनच इंजिन बंद करा, उडवू नका.’ तेवढं सांगणारे चार गिऱ्हाईक मिळाले तर होडीवाल्यालाही तेच सोयीचं, डिझेल वाचतं. सकाळी सातची होडी घ्या. दहानंतर वारा उठतो, पाणी हलतं, आणि उन्हात फोटोही फिके येतात. पहिल्या दिवशी दुपारी कडबनवाडी, रात्री भिगवणला मुक्काम, सकाळी होडी आणि जेवून परत, असं दोन दिवसांत आरामात बसतं. एकूण तीनशे किलोमीटरच्या आत.

मार्चमध्ये परीक्षेच्या मध्ये जोडून सुट्टी आलीच तर मंडणगड तालुक्यातलं वेळास आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचं रक्षण तिथे सुरू केलं आणि गावाने ते उचलून धरलं. मुक्काम गावकऱ्यांच्या घरीच. पिल्लं सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास समुद्राकडे सोडतात. फक्त ‘रविवारी नक्की दिसतील ना’ असं विचारू नका. अंडी उबायला पन्नासेक दिवस लागतात आणि वाळूच्या उष्णतेवर तारीख पुढेमागे होते. जाण्याआधी दोन दिवस गावात फोन करून घरटं तयार आहे का ते विचारा.

काजव्यांसाठी भंडारदऱ्याकडे जूनच्या तोंडावर जी गर्दी होते तिच्यात मुलांना नेऊ नका. गाड्यांचे हेडलाइट आणि मोबाईलच्या टॉर्चमध्ये नराचं लुकलुकणं मादीला दिसेनासं होतं, आणि झाडाखाली चालणाऱ्यांच्या पायाखाली माद्या व अळ्या चिरडतात.

राहिले सासूबाईंचे गुडघे. गाभ्यातली सफारी साडेतीन-चार तासांची असते आणि उतरायला परवानगी फक्त ठरलेल्या जागीच, म्हणून निघण्याआधी गेटवरच्या स्वच्छतागृहात जाऊन घ्यायचं. जिप्सीत मागची बाक थेट मागच्या चाकांवर येते, सगळे धक्के तिथे लागतात. त्यांना ड्रायव्हरच्या लगेच मागच्या रांगेत, कडेला बसवा. धरायला समोर लोखंडी दांडा असतो आणि पाय थोडे पसरता येतात. कमरेमागे घरची छोटी उशी आणि गुडघ्यांवर गोधडी द्या, पहाटे उघड्या गाडीत वारा झोंबतो. पायरी उंच असते, त्यामुळे मुक्कामाच्या ठिकाणचं प्लॅस्टिकचं स्टूल गाडीत टाकून न्या. ड्रायव्हरला ‘सोबत आजी आहेत, खड्ड्यात हळू’ असं आधीच सांगितलं की तो ऐकतो. खोली तळमजल्यावरची घ्या, मचाणावरची किंवा ‘ट्री हाउस’ नको. तीनपैकी दोनच सफाऱ्यांना त्यांना न्या. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्यासोबत नणंदबाई मुक्कामावर थांबल्या तर उत्तम. जिथे अंगणात मोहाचं झाड आणि समोर बोडी आहे अशी जागा निवडली असेल, तर पक्षी खुर्चीत बसूनही दिसतात. दुर्बीण मात्र त्यांच्या हातात ठेवा, ८ × ४० पुरते, त्याहून मोठी हातात थरथरते.